अणुबॉम्बला नाही म्हणणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

२९ जून हा दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा स्मृतिदिन. आपल्या विहारांत, वाचनालयांत या दिवशी सहसा कार्यक्रम होत नाही. त्यांच्या वडिलांचे, धर्मानंद कोसंबींचे नाव मात्र आपल्या घराघरांत आहे. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांनी जुन्या, पाने सुटलेल्या प्रतींतून वाचला आहे. मुलगा इतिहासकार होता एवढे काहींना ठाऊक असते. तो आधी गणिती होता, अणुशास्त्राच्या केंद्रातल्या संस्थेत सतरा वर्षे प्राध्यापक होता आणि तिथे राहून अण्वस्त्रांच्या विरोधात जगभर बोलत होता, हे फार थोड्यांना माहीत आहे.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले कार्यकर्ते. आम्हाला हे चरित्र आज सांगावेसे वाटते त्याला कारण आहे. राजापूर तालुक्यात माडबनला जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प येणार म्हणून आमच्या जिल्ह्याने पंधरा-वीस वर्षे वाद पाहिला. विहारात रविवारची वंदना झाली की आमच्यातली इंजिनीअरिंगची मुले थांबतात आणि हटकून एक प्रश्न येतो. आपल्याकडे जमीन नव्हती, म्हणून मोबदला नाही. बाग नव्हती, होडी नव्हती. मग निदान नोकरी तरी का सोडायची? शिकलेल्या माणसाने आपले ज्ञान कुठे द्यावे आणि कुठे देऊ नये? या प्रश्नाला घोषणेने उत्तर देता येत नाही. एका माणसाने तो प्रश्न कसा जगून पाहिला, ते सांगता येते.

भिक्खूच्या घरातला मुलगा

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातल्या साखवाळचा. बुद्धाविषयी मिळाले तेवढे वाचून त्यांचे समाधान झाले नाही. संसार, तान्ही मुलगी मागे ठेवून ते पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेपर्यंत पोहोचले. पाली शिकले, चीवर घेतले, ब्रह्मदेशात राहिले. नंतर चीवर उतरवून परत आले आणि उरलेले आयुष्य पाली शिकवण्यात व बुद्धाचा विचार मराठीत आणण्यात घालवले. ते परतल्यानंतर, ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात दामोदरचा जन्म झाला. घरचे त्याला बाबा म्हणत.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम चालू होते. त्यासाठी धर्मानंद १९१८ साली पुन्हा तिकडे गेले, तेव्हा मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर होते. मुलगा तिथल्या शाळेत शिकला, मध्ये एकदा मायदेशी येऊन परत गेला आणि १९२९ साली हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. नॉर्बर्ट वीनर या मोठ्या गणितज्ञाशी त्याची ओळख तिथलीच. या वीनरचे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

परतल्यावर बनारस, मग अलीगढ आणि १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असा अध्यापनाचा प्रवास झाला. १९३४ साली रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकतेच्या अभ्यासात एक सूत्र मांडले. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे त्यावरून काढता येते. आजही शेतीच्या आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत ते कोसंबींच्याच नावाने ओळखले जाते.

वडिलांनी दिलेला वारसा

इथे धर्मानंदांच्या विचारातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्याशिवाय मुलाचे पुढचे वागणे नीट कळणार नाही.

म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले ही कथा धर्मानंदांना पटत नव्हती. एकोणतीस वर्षांच्या क्षत्रिय तरुणाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे त्यांच्या तर्काला मान्य नव्हते. त्यांनी सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताकडे बोट दाखवले. माणसे हाती शस्त्र घेऊन एकमेकांवर उठतात आणि त्यातूनच भय जन्माला येते, ही जाणीव गृहत्यागाच्या मुळाशी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शाक्य आणि कोलीय यांच्यातले भांडण त्यांनी आपल्या ‘बोधिसत्त्व’ या नाटकात घेतले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हीच दिशा घेतली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून संघाने युद्ध ठरवले, सिद्धार्थाने त्याला विरोध केला, बहुमत विरुद्ध गेल्यावरही तो युद्धात उतरला नाही आणि त्याची किंमत म्हणून त्याने देश सोडला. हा प्रसंग आपण विहारात अनेकदा वाचतो. त्याचा अर्थ असा की आपल्या परंपरेत पहिले पाऊलच युद्धाला नकार देण्याचे आहे.

धर्मानंद नुसते ग्रंथात रमणारे नव्हते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते शिरोड्याला उतरले. शिरोडा आज सिंधुदुर्गात आहे, तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यात होते. म्हणजे हे घराणे आमच्या किनाऱ्याला परके नाही. त्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास सोसला. १९३७ साली परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

दामोदर कोसंबी मात्र बौद्ध उपासक झाले नाहीत. ते मार्क्सवादी होते आणि कोणत्याही धर्माकडे उत्पादनाच्या साधनांच्या अंगाने पाहत. ते आपल्यातले होते असे ओढूनताणून म्हणण्याची गरज नाही. पण वडिलांच्या घरातून त्यांनी दोन गोष्टी नक्की उचलल्या. पटल्याशिवाय मानायचे नाही, आणि पटले की किंमत मोजायला मागे हटायचे नाही.

अणुसंस्थेतला गणिती

१९४५ साली होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि त्याचे अध्यक्षही भाभाच झाले. म्हणजे कोसंबी ज्या संस्थेत गणित करत होते, ती देशाच्या अणुकार्यक्रमाचे पाळणाघर बनली. पुण्यातल्या घरातून डेक्कन क्वीनने मुंबई आणि संध्याकाळी परत, असा त्यांचा क्रम असे. गाडीत ते वाचत, लिहीत.

जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे तेव्हा एकच प्रश्न होता. बॉम्ब बनवणारे हात शास्त्रज्ञांचे होते. मग शास्त्रज्ञाची जबाबदारी प्रयोगशाळेच्या दारापाशी संपते का? वीनर यांनी क्षेपणास्त्रांच्या कामासाठी आपले संशोधन द्यायला नकार दिला आणि तो १९४७ च्या सुरुवातीला जाहीरही केला. फ्रान्समध्ये फ्रेडरिक जोलिओ-क्युरी जागतिक शांतता चळवळीचे पुढारी होते. १९५० साली त्यांना फ्रेंच अणुऊर्जा आयोगाच्या प्रमुखपदावरून काढण्यात आले. त्याच वर्षी अण्वस्त्रांवर बिनशर्त बंदी मागणारे स्टॉकहोम आवाहन निघाले आणि त्यावर जगभर सह्या गोळा झाल्या.

कोसंबी या चळवळीत उतरले. ते जागतिक शांतता परिषदेचे सदस्य झाले. शांतता कार्यासाठी बीजिंग, हेलसिंकी, मॉस्को इथे गेले. शांततेविषयी त्यांचे म्हणणे भाबडे नव्हते. युद्ध काही मोजक्या लोकांच्या रागातून उभे राहत नाही, त्यामागे बाजार, कच्चा माल आणि नफ्याची गणिते असतात, असे ते मांडत. म्हणून शांततेची मागणी भाकरीच्या मागणीपासून तोडता येत नाही. ज्या देशात पोटभर अन्न नाही तिथे शस्त्रांवर जाणारा प्रत्येक रुपया गरिबाच्या ताटातून जातो, ही त्यांची साधी बेरीज-वजाबाकी होती.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरात बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या ‘फुकुर्यू मारू’ या जपानी होडीवर पांढरी राख पडली. होडीवर तेवीस खलाशी होते. सगळे किरणोत्सर्गाने आजारी पडले आणि त्यातला एक सहा-सात महिन्यांत मेला. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता, ती माणसे फक्त जाळे टाकायला गेली होती. आमच्या साखरी नाट्याच्या, मिरकरवाड्याच्या, हर्णैच्या बंदरावरचा माणूस ही गोष्ट लगेच समजतो. त्या एका होडीने जगाला कळले की अणुचाचणीचा धूर कुणाच्या हद्दी मानत नाही. आणि किरणोत्सर्गाचे नुकसान पुढच्या पिढ्यांपर्यंत जाऊ शकते, हे आनुवंशिकतेचे गणित मांडलेल्या कोसंबींना कुणी वेगळे सांगायची गरज नव्हती.

पुढच्या वर्षी, जुलै १९५५ मध्ये, रसेल आणि आइन्स्टाइन यांचे निवेदन प्रसिद्ध झाले. शास्त्रज्ञांनी आपला देश, आपली बाजू विसरून माणूस म्हणून बोलावे, असा त्याचा आशय होता. १९५७ साली त्यातूनच पगवॉश परिषदा सुरू झाल्या. म्हणजे कोसंबी एकटे वेडे नव्हते. भारतात मात्र असे बोलणारे शास्त्रज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

सूर्य की अणू?

कोसंबींचे वेगळेपण इथून पुढे आहे. बॉम्बला विरोध करून ते थांबले नाहीत. शांततेच्या कामासाठी म्हणून येणाऱ्या अणुविजेचाही त्यांनी हिशोब मागितला. ते विज्ञानाचे विरोधक नव्हते आणि विजेचेही नव्हते. १९५५ साली मॉस्कोला अणुशक्तीच्या शांततामय वापरावरच्या परिषदेलाही ते गेले होते. विषय समजून घेऊनच ते बोलत.

१९५७ साली त्यांनी सूर्य की अणू असा थेट प्रश्न विचारणारा लेख लिहिला. १९६० च्या जुलैमध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये भारतासाठी अणुऊर्जा या विषयावर भाषण दिले. १९६४ साली अविकसित प्रदेशांसाठी सौरऊर्जा या विषयावर पुन्हा लिहिले. त्यांचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा तर असा. अणुवीज स्वस्त आहे असे सांगितले जाते तेव्हा तिचे खरे खर्च कुठे दाखवले जातात? भांडवल, परदेशी सामग्री, संरक्षण, उरलेला घातक कचरा यांचा बोजा कुणावर? आणि आपल्या देशावर जी ऊर्जा रोज फुकट ओतली जाते, तिच्यावर संशोधनाला पैसा का नाही?

सूर्याचा सगळ्यात मोठा फायदा त्यांना विकेंद्रीकरणात दिसत होता. एका ठिकाणी प्रचंड केंद्र, तिथून शेकडो मैल तारा, आणि शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचेतो वीज संपलेली, ही रचना गरीब देशाला परवडणारी नाही. ऊन मात्र सगळ्या वाड्यांवर सारखे पडते. ते एका मालकाच्या ताब्यात जात नाही. त्याचा बॉम्बही होत नाही. पण उन्हाची वीज आपोआप येत नाही, त्यासाठी भक्कम विज्ञान लागते. परिषदांना जाऊन, चार निबंध छापून, अनुदाने खिशात घालून होणारे संशोधन त्यांना नको होते. लोकांच्या वापरात उतरेल ते संशोधन, ही त्यांची कसोटी होती.

हे ते कुणाला सुनावत होते? ज्या संस्थेतून पगार घेत होते, तिच्या संचालकालाच.

नोकरी गेली

१९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. सतरा वर्षांची नोकरी संपली. ही गोष्ट सांगताना आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. कारण एकच नव्हते. कोसंबींचा स्वभाव तिखट होता, सहकाऱ्यांशी खटके उडत. इतिहासाच्या कामात ते गुंतलेले असत. शिवाय १९५९ साली त्यांनी रीमान गृहीतकाची सिद्धता मांडल्याचा दावा शेतीच्या संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला. तो दावा गणितज्ञांच्या कसोटीला उतरला नाही आणि त्यांच्या नावाला त्याने धक्का बसला. पण अणुधोरणावरचा त्यांचा उघड विरोध आणि भाभांशी आलेला दुरावा हेही त्यामागे होते, असे त्यांचे चरित्र अभ्यासणारे सांगतात.

त्यांच्या शांतताकार्यातही एक उणीव दाखवली जाते. जागतिक शांतता परिषद सोव्हिएत बाजूला झुकलेली होती. अमेरिकेच्या बॉम्बवर ती जितकी कडाडली तितकी रशियाच्या बॉम्बवर नाही. कोसंबी त्या परिषदेत होते आणि हा ठपका त्यांच्यापर्यंतही येतो. आपण माणसांच्या मूर्ती करत नाही. चूक दिसली तर म्हणायची आणि बरोबर आहे ते घ्यायचे.

नोकरी गेल्यावर ते गप्प बसले नाहीत. ‘मिथ अँड रिॲलिटी’ हा ग्रंथ १९६२ साली आला, प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा ग्रंथ १९६५ साली. १९६४ साली ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडले गेले. पुण्याच्या टेकड्यांवर ते काठी घेऊन फिरत, दगडी हत्यारांचे बारीक तुकडे वेचत, मेंढपाळांशी बोलत. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांची नावे असलेले लेख वाचत. आपली लेणी घाटवाटांच्या तोंडाशी का आहेत, व्यापारी तांड्यांचा आणि संघाचा संबंध काय होता, हे त्यांनी पायी फिरून दाखवले. कोकणच्या बंदरांतून माल वर देशावर जायचा आणि त्या वाटांवर भिक्खूंची वस्ती असायची. दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची लेणी पाहताना ही नजर आम्हाला उपयोगी पडते. आजच्या पोरांनी लेण्यांत जाऊन फोटो काढताना ती एकदा वापरून पाहावी.

त्यांच्यानंतर

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केला. आठवड्याभरात भाभांनी आकाशवाणीवरून सांगितले की पन्नास बॉम्बचा साठा दहा कोटी रुपयांच्या आत होऊ शकतो. ज्या स्वस्ताईच्या हिशोबावर कोसंबी विजेच्या बाबतीत शंका घेत होते, तोच हिशोब आता बॉम्बसाठी मांडला जात होता. जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले. त्याच वर्षी २९ जूनला कोसंबी पुण्यात झोपेतच गेले. वय अठ्ठावन्न.

पुढचे त्यांनी पाहिले नाही. १८ मे १९७४ रोजी पोखरणला स्फोट झाला. त्यासाठीचे प्लुटोनियम शांततामय संशोधनासाठी मिळालेल्या अणुभट्टीतून आले होते. आणि त्या स्फोटाला बुद्धाच्या हास्याचे नाव चिकटवले गेले. ११ मे १९९८ ला पुन्हा स्फोट झाले, तो दिवस बुद्धपौर्णिमेचा होता. ज्याने युद्धाला नकार देऊन घर सोडले त्याचे नाव बॉम्बला! या गोष्टीचा निषेध आपल्या समाजाने जितका करायला हवा होता तितका केला का, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. आम्ही विचारतो तेव्हा मान खाली जाते.

आमच्या जिल्ह्यात

जैतापूरसाठी माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल, वरिलवाडा इथली ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, अशी योजना होती. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमा झाले. १८ एप्रिल २०११ ला आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार ठार झाला. हे सगळे आमच्या डोळ्यांसमोर घडले.

त्या काळात आमच्या वाड्यांत दोन मते होती आणि आजही आहेत. काही जण म्हणतात, बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी देशाच्या वीजधोरणाचा पाया घातला, दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली, मग आपण विजेच्या विरोधात कसे? बरोबर आहे. आपण विजेच्या विरोधात नाही. अंधारात चिमणीवर अभ्यास केलेली पिढी अजून जिवंत आहे. पण वीज कुणासाठी, कुणाच्या जोखमीवर आणि कोणत्या मार्गाने, हे विचारणे म्हणजे विजेला विरोध नव्हे. कोसंबींनी हेच विचारले होते.

रविवारी विहारात थांबणाऱ्या मुलांना आम्ही नोकरी करू नका असे सांगत नाही. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला त्याग शिकवू नये. सम्यक आजीविका हा अष्टांगिक मार्गाचा भाग आहे आणि शस्त्रांचा व्यापार उपासकाने करू नये असे धम्म सांगतो, एवढे आम्ही आठवण करून देतो. पुढचा निर्णय ज्याचा त्याचा. पण जिथे जाल तिथे प्रश्न विचारायची जागा सोडू नका. आपण जे यंत्र बनवतो त्याचा शेवट कुठे होतो, हे इंजिनीअरला माहीत असले पाहिजे. मला फक्त माझा भाग ठाऊक आहे, हे उत्तर हिरोशिमानंतर चालत नाही.

आणि दुसरी वाट बंद नाही. कोसंबींच्या काळात उन्हाची वीज प्रयोगशाळेत होती, आज ती आमच्या वाडीतल्या छपरांवर आली आहे. पावसाळ्याचे चार महिने कोकणात ढग असतात, साठवणुकीचा प्रश्न आहे, यंत्र बिघडले तर दुरुस्तीला माणूस मिळत नाही. हे प्रश्न सोडवायला इंजिनीअरच लागणार आहेत. ते आपल्यातूनच का येऊ नयेत?

येत्या २९ जूनला आपापल्या विहारात, वाचनालयात तासभर बसा. धर्मानंदांच्या ग्रंथातला गृहत्यागाचा भाग आणि बाबासाहेबांच्या ग्रंथातला रोहिणीच्या पाण्याचा प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचा. मग विज्ञान, तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना बोलू द्या. वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी फक्त ऐकावे. एका गणित्याने सतरा वर्षांची नोकरी पणाला लावून जो प्रश्न विचारला, तो निदान आपल्या घरात तरी विचारला जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!